ऑक्सिजन सेन्सरचा कोड आलाय? सेन्सर घ्यायच्या आधी वायर तपासा

डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो आणि दोन मिनिटांत निकाल लागतो: "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून टाकू." कधीकधी निकाल बरोबरही असतो. पण स्कॅनर असं काही म्हणालेलाच नसतो. स्क्रीनवर पी०१३५ दिसला, तर त्याचा अर्थ एवढाच की पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये काहीतरी बिघडलंय. त्या सर्किटमध्ये फ्यूज आहे, रिले आहे, लांबलचक वायर आहे, कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) आहे, हीटर आहे आणि शेवटी ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक आहे. दोष फ्यूजमध्ये असताना सेन्सर बदलला, तर काही हजारांचा चुराडा होतो आणि दिवा परत हजर होतो.

आपल्या ठाणे-नवी मुंबईत तर हा कोड निव्वळ वायरिंगमुळे येण्याची कारणं भरपूर आहेत. पावसाळ्यात तुंबलेलं पाणी, पार्किंगमधले उंदीर आणि सीएनजी किट बसवताना कापून जोडलेल्या वायरी. खालची तपासणी ज्यांनी मल्टीमीटर आजवर फारसा हातात धरलेला नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. एखाद्या रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात ती आरामात होते.

आधी हा सेन्सर करतो काय, ते

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण साधलंय की नाही, हे ईसीएमला सायलेन्सरच्या बाजूने कळवण्याचं काम ऑक्सिजन सेन्सरचं. त्याच्या टोकाला झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं. त्याच्या एका बाजूला जळलेला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढी तफावत, तेवढा व्होल्टेज तो स्वतः तयार करतो. पेट्रोल जास्त पडलं की ०.८ ते ०.९ व्होल्ट, कमी पडलं की ०.१ ते ०.२. मधली रेषा ०.४५ ची. ईसीएम हा आकडा बघून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे पुढच्या सेन्सरचा आकडा सतत वर-खाली नाचत असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर साफ करणाऱ्या डब्याच्या) नंतर बसवलेला मागचा सेन्सर मात्र साधारण ०.६-०.७ च्या आसपास शांत असतो. तो नाचायला लागला तर कन्व्हर्टरवर संशय घ्यायचा.

हे सिरॅमिक ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही. थंडगार गाडीत धुराने ते तापेपर्यंत वेळ जातो, म्हणून सेन्सरच्या पोटात छोटा हीटर असतो. म्हणजे चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन वेगळी सर्किटं आहेत: एक बारा व्होल्टवर चांगला एक-दोन अँपिअर करंट खाणारं हीटरचं, आणि दुसरं एका व्होल्टच्याही आत, जवळजवळ करंट न घेता चालणारं सिग्नलचं. पुढची सगळी तपासणी या फरकावर उभी आहे.

एक खुलासा आत्ताच करतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, आणि अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणाऱ्या) जातीचा असतो. त्याच्या कपलरमध्ये बहुधा पाच-सहा वायरी दिसतात, आणि स्कॅनरवर व्होल्टऐवजी मिलिअँपिअर किंवा लॅम्डाचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा, आकडा येतो. काही वाइडबँड चार वायरींचेही असतात, म्हणून नुसत्या वायरी मोजून समाधान मानू नका, स्कॅनरवर काय दिसतं तेही बघा. अशा सेन्सरच्या सिग्नलची तपासणी खालच्या पद्धतीने होत नाही. फ्यूज, कपलर, हीटरचा सप्लाय हा भाग मात्र त्यालाही लागू आहे.

लागणारं सामान

साधा डिजिटल मल्टीमीटर. तो ठाणे स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही मिळतो, त्यासाठी मुद्दाम लॅमिंग्टन रोड गाठायची गरज नाही. गाडीचे दोन बल्ब, एक इंडिकेटरचा २१ वॅटचा आणि एक पार्किंग लाइटचा ५ वॅटचा. दोन्हींना होल्डर आणि हातभर वायरी जोडून घ्या. दोन-चार टाचण्या. ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीतले कोड मोबाईलवर दाखवणारा छोटा स्कॅनर) आणि मोबाईलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ डोंगल जोडला जात नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ एलई असलेला घ्या. हे दुकानदार सांगत नाही आणि मग माणूस अर्धा तास डोंगलला शिव्या घालत बसतो.

डोंगल लावायचं सोळा पिनांचं सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर कुठेतरी असतं.

जागा निवडताना बेसमेंट टाळा. यात इंजिन बराच वेळ चालू ठेवावं लागतं आणि बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साईड साठतो. पोडियमवर किंवा उघड्यावर गाडी घ्या. वॉचमनला आधी सांगून ठेवलंत तर सेक्रेटरींचा फोनही येणार नाही. मागचा सेन्सर गाडीखाली असतो. त्यासाठी नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. आणि सायलेन्सर तापलेला असताना हात लावू नका.

पायरी १: कोड नीट वाचा, लगेच पुसू नका

सगळे कोड लिहून घ्या किंवा स्क्रीनचा फोटो काढा. फ्रीझ फ्रेम म्हणून जी माहिती असते, तीही ठेवा. कोड पडला तेव्हा इंजिन किती गरम होतं, गाडी किती वेगात होती, हे तिथे मिळतं.

चार सिलिंडरच्या साध्या गाडीत बँक, म्हणजे सिलिंडरची रांग, एकच असते: बँक १. सेन्सर १ म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, सेन्सर २ म्हणजे नंतरचा. पुढच्या सेन्सरचे कोड पी०१३० ते पी०१३५, मागच्याचे पी०१३६ ते पी०१४१. त्यात पी०१३५ आणि पी०१४१ हीटरचे. हीटरच्याच कंट्रोल सर्किटसाठी पुढे पी००३० ते पी००३२ आणि मागे पी००३६ ते पी००३८ असतात. सिग्नलच्या कोडमध्ये पी०१३१ म्हणजे व्होल्टेज खाली अडकलंय, पी०१३२ म्हणजे वर अडकलंय, पी०१३३ म्हणजे प्रतिसाद सुस्त, पी०१३४ म्हणजे हालचालच नाही.

यातला सुस्तपणाचा पी०१३३ बहुधा म्हाताऱ्या किंवा काजळी धरलेल्या सेन्सरचा असतो, सायलेन्सरच्या गळतीनेही येतो, वायरिंगने क्वचित. पी०१७१, पी०१७२ किंवा पी०४२० आले असतील, तर ते ऑक्सिजन सेन्सरचे कोड नव्हेतच. पी०१७१ म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, असं सेन्सर खरं सांगत असेल. खरं सांगणाऱ्याला बदलून काय मिळणार?

पुढच्या आणि मागच्या, दोन्ही हीटरचे कोड एकाच वेळी आले असतील तर थेट फ्यूजकडे जा. दोन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत.

पायरी २: थंड गाडीवर लाइव्ह डेटा

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करायच्या आधी डोंगल जोडा. चावी ऑन, इंजिन बंद. दोन्ही सेन्सरचा व्होल्टेज बघा आणि मग इंजिन चालू करा.

चांगला सेन्सर सुरुवातीला ०.४५ च्या आसपास पडून असतो, कारण बऱ्याच गाड्यांत ईसीएम स्वतःच सिग्नल वायरवर तेवढा व्होल्टेज ठेवतो. हीटर तापला की आकडा नाचायला लागतो. तो पाच-दहा मिनिटं सुस्त पडून राहिला आणि गाडी चालवून आणल्यावर मात्र नाचायला लागला, तर हीटर काम करत नाही, सेन्सर धुराच्या उष्णतेवर चाललाय. इंजिन गरम झाल्यावर आरपीएम २५०० वर धरा: पुढचा आकडा साधारण सेकंदाला एकदा तरी वर-खाली व्हायला हवा. ॲक्सिलरेटर झटकन दाबला की ०.८ च्या वर, सोडला की ०.२ च्या खाली.

आता अडकलेले आकडे. ०.४५ वरच चिकटलेला: सिग्नलची वायर तुटलेली असण्याची शक्यता मोठी, कारण ईसीएमला स्वतःचाच व्होल्टेज परत दिसतोय. शून्यावर चिकटलेला: सिग्नल वायर कुठेतरी बॉडीला लागून अर्थ होतेय, किंवा सायलेन्सरला सेन्सरच्या आधी गळती आहे आणि बाहेरची हवा आत ओढली जातेय. मॅनिफोल्डच्या (इंजिनला जोडलेल्या धुराच्या पाइपच्या) जोडाशी टकटक आवाज येत असेल तर आधी ते बघा, वायर नंतर.

आणि १.१ व्होल्टच्या वर गेलेला आकडा. हा सगळ्यात बोलका. झिर्कोनिया सेन्सर एका व्होल्टपेक्षा जास्त तयार करूच शकत नाही. त्याच्या वर काही दिसलं तर तो व्होल्टेज बाहेरून शिरलाय, आणि शेजारीच बारा व्होल्टची हीटरची वायर आहे. कपलरमध्ये ओलावा, खरचटलेली वायर, नाहीतर सेन्सरच्या आतच हीटर गळतोय. कपलर काढल्यावर आकडा खाली आला तर दोष सेन्सर किंवा कपलरकडे, तसाच राहिला तर हार्नेसमध्ये, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्यात.

सीएनजीवाल्यांनी हे सगळं पेट्रोलवर एकदा आणि गॅसवर एकदा बघावं. कोड फक्त गॅसवरच येत असेल, तर बहुतेक वेळा तो किटच्या ट्यूनिंगचा प्रश्न असतो.

पायरी ३: डोळे आणि टॉर्च

इलेक्ट्रिकल दोषांपैकी बरेचसे मीटर न लावता सापडतात, फक्त घाई करायची नाही. सेन्सरपासून सुरू करा आणि वायर बोटांनी चाचपत कपलरपर्यंत, तिथून हार्नेसमध्ये शिरते तिथपर्यंत जा. इंजिन बंद आणि थंड.

उंदीर आधी. येऊरच्या पायथ्याच्या सोसायट्या, नाल्याशेजारची पार्किंग, घोडबंदर रोडवरचे टॉवर, उंदीर कुठे नाहीत? आठवडाभर गाडी उभी राहिली की ते बॉनेटखाली मुक्कामाला येतात. बॅटरीच्या ट्रेवर लेंड्या, बॉनेटच्या आतल्या अस्तराचे तुकडे, अर्धवट कुरतडलेली कॉरुगेटेड नळी ही खूण. नळी बाहेरून ठीक वाटली तरी खालून कुरतडलेली असू शकते, म्हणून ती फिरवून बघा. एखादी वायर पूर्ण न तुटता दोन-तीन तारांवर लटकत असते. तिची गंमत पायरी ६ मध्ये येईल.

मग पाणी. विटाव्याच्या सबवेखालून किंवा तुंबलेल्या सर्व्हिस रोडवरून गाडी काढली असेल, तर मागच्या सेन्सरचं कपलर बुडालेलं असण्याची शक्यता आहे. कपलर उघडताना लॉकची जीभ दाबून सरळ ओढा, वायरींना धरून ओढू नका. आत हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर ते तांबं सडलंय. कपलरच्या तोंडाशी रबराचं सील असतं, बहुधा रंगीत. ते जागेवर आहे का बघा.

एका गाडीचं उदाहरण देतो. कोड पी०१३८, म्हणजे मागच्या सेन्सरचा व्होल्टेज वर अडकलेला, स्कॅनरवर १.२ व्होल्ट, ढिम्म हलत नाही. दोन ठिकाणी सेन्सर बदलायला सांगितलं होतं. मागचं कपलर उघडलं तर आत पाण्याचे थेंब, हीटरच्या पिनेपासून सिग्नलच्या पिनेपर्यंत हिरवट रेघ गेलेली, आणि सीलचा पत्ताच नाही. मध्यंतरी क्लचचं काम झालं होतं, कपलर तेव्हा उघडलं गेलं असणार. मालक म्हणाले, "पण सेन्सरची ऑर्डर दिलीय हो मी." मेकॅनिक म्हणाला, "काका, ऑर्डर थांबवा. आधी पिना साफ करू, सील मिळतं का बघू." मऊ ब्रशने पिना साफ केल्या, कपलर कोरडं केलं, सील घातलं, आणि आकडा ०.६ वर येऊन बसला.

साफ करताना एक पथ्य. सेन्सरच्या बाजूच्या कपलरमध्ये डब्ल्यूडी-४०, ग्रीस किंवा क्लीनरचा मारा करू नका. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आतल्या फटींतूनच मिळते. तिथे तेल ओढलं गेलं की चांगला सेन्सर वाकडे आकडे द्यायला लागतो. कोरडा ब्रश आणि कोरडी हवा, बास.

तिसरी गोष्ट सीएनजी किट. कंपनीबाहेर बसवलेल्या किटमध्ये ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नल वायरला जोड दिलेला असतो, कधी ती वायर कापून किटच्या कंट्रोलरमधून फिरवलेली असते. जोड काळ्या टेपने गुंडाळलेला असला, तर दोन उन्हाळ्यांत टेपचा चिकटा ओघळतो आणि आत ओलावा शिरतो. टेप सोडवा. नुसती पीळ मारलेली तार दिसली, तर दोष सापडला असं समजायला हरकत नाही.

शेवटी वायर सायलेन्सरला किंवा हीट शील्डला टेकलीय का ते बघा. वायर धरून ठेवणारी क्लिप एकदा निघाली की कोणी परत लावत नाही.

पायरी ४: फ्यूज

बॉनेटखालच्या बॉक्सच्या झाकणावर आकृती असते. हीटरचा फ्यूज बहुतेक वेळा आणखी दोन-चार गोष्टींसोबत वाटून घेतलेला असतो, म्हणून नाव वेगळं असू शकतं. मालकाच्या पुस्तिकेत बघा. फ्यूज काढून डोळ्यांनी बघण्यापेक्षा मीटर बीपवर ठेवून तपासा. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. परत उडाला तर थांबा, मोठा फ्यूज घालायचा मोह आवरा. सेन्सरचं कपलर काढून नवा फ्यूज घाला: टिकला तर सेन्सरचा हीटर शॉर्ट आहे, तरीही उडाला तर वायर शॉर्ट आहे किंवा त्याच फ्यूजवरचं दुसरं काही.

पायरी ५: हीटर जिवंत आहे का

गाडी थंड, कपलर काढलेलं. सेन्सरच्या बाजूला बघा: एकाच रंगाच्या दोन वायरी हीटरच्या. डेन्सोच्या सेन्सरवर बहुधा दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी सिग्नलच्या अर्थची. बॉशवर दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नल, करडी अर्थ. हार्नेसच्या बाजूचे रंग वेगळे असतात, त्यांच्यावर विसंबू नका. कुठल्या पिनेसमोर कुठली पिन येते ते बघून कागदावर चित्र काढा.

मीटर ओहमवर घ्या, दोन्ही टोकं एकमेकांना लावून येणारा आकडा आधी टिपा आणि नंतर वजा करा. दोन हीटर पिनांमध्ये साधारण २ ते १५ ओहम यायला हवेत. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. मॅन्युअल नसेल तर त्याच गाडीच्या दुसऱ्या सेन्सरचं मोजमाप घ्या, अंदाज येतो. मीटरने ओपन (सर्किट तुटलेलं) दाखवलं तर हीटर तुटला, सेन्सर बदलायचा, पुढच्या पायऱ्यांची गरज नाही. प्रत्येक हीटर पिनेपासून सेन्सरच्या धातूच्या अंगापर्यंत मात्र ओपनच यायला हवं. तिथे ओहम दिसले तर हीटर अंगाला लागलाय.

सिग्नलच्या दोन पिनांवर ओहम कधीही मोजू नका. मीटर स्वतःचा करंट सोडतो आणि सिरॅमिकला ते सोसत नाही.

पायरी ६: सप्लाय बल्बवर तपासा

इथे नवशिके हमखास फसतात. हार्नेसच्या पिनेवर मीटर लावतात, १२.४ व्होल्ट दिसतात आणि सप्लाय ठीक आहे असं ठरवतात. पण मीटर करंट जवळपास घेतच नाही. उंदराने कुरतडून एकच तार शिल्लक ठेवली असली तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतो. बंद नळाच्या पाइपात प्रेशर पूर्ण असतं, नळ उघडल्यावर धार करंगळीएवढी पडते, तसं. हीटरला मात्र खराखुरा करंट लागतो.

म्हणून २१ वॅटचा बल्ब. तो साधारण पावणेदोन अँपिअर खातो, म्हणजे हीटरच्या जवळपास. चावी ऑन करा. बल्बची एक वायर हार्नेसच्या सप्लाय पिनेला (हीटरच्या दोन पिनांपैकी मीटरवर बारा व्होल्ट दाखवते ती), दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. पिनेत जाडजूड तार कोंबून ती रुंद करू नका, पीन ढिली झाली की नवाच दोष तयार होतो. टाचणी हलकेच मागच्या बाजूने सरकवा. वायरीच्या इन्शुलेशनला भोक पाडून तर मुळीच तपासू नका. आपल्या पावसात ते भोक वर्षभरात वायर सडवतं.

बल्ब लखलखीत पेटला पाहिजे. पेटलेला असतानाच पिनेवरचा व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा तो फार तर अर्धा व्होल्ट खाली असेल तर ठीक. बल्ब मिणमिणता आणि व्होल्टेज सात-आठवर कोसळला, तर सप्लायच्या वायरीत, फ्यूजच्या पकडीत किंवा रिलेमध्ये अडथळा आहे. तसाच बल्ब चालू ठेवून कोणाला तरी हार्नेस हलवायला सांगा. जिथे हलवल्यावर बल्ब लुकलुकतो, दोष तिथेच.

चावी ऑनवर काहीच आलं नाही तर इंजिन चालू करून परत बघा. काही गाड्यांत हा सप्लाय इंजिन फिरल्यावरच येतो.

पायरी ७: ईसीएमची बाजू

बहुतेक गाड्यांत बारा व्होल्ट हीटरला थेट मिळतात आणि ईसीएम त्याची अर्थची बाजू चालू-बंद करतो, तेही पल्स देऊन. त्यामुळे कोडचे अर्थही उलगडतात: पी००३१ मध्ये कंट्रोल वायर सतत खालीच दिसते, म्हणजे फ्यूज, सप्लाय किंवा हीटर तुटला, नाहीतर वायर अर्थ झाली. पी००३२ मध्ये ती खाली ओढूनही वरच राहते, म्हणजे कुठून तरी बारा व्होल्ट घुसले किंवा हीटर शॉर्ट झाला.

आता ५ वॅटचा बल्ब हार्नेसच्या दोन्ही हीटर पिनांमध्ये लावा, कोड पुसा आणि थंड इंजिन चालू करा. बल्बच्या वायरी पंखा आणि बेल्टपासून लांब बांधून ठेवा. बल्ब पेटला किंवा फडफडला, तर ईसीएम आणि त्याची वायर काम करताहेत. सप्लाय चांगला, ईसीएम चांगला, तरी हीटरचा कोड येतो, तर सेन्सर बदला. आता निर्धास्त बदला.

बल्ब पेटला नाही तर लगेच ईसीएमवर खापर फोडू नका. कोड पुसलेला नसेल तर ईसीएमने स्वतःहून हीटर बंद ठेवलेला असू शकतो. मागच्या सेन्सरचा हीटर तर काही गाड्यांत पहिली काही मिनिटं मुद्दाम मंद ठेवतात, कारण सायलेन्सरमधलं पाणी वाळायच्या आत तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला तर ते तडकतं. थोडं थांबा, परत बघा. तरीही काही नाही, तर कपलर ते ईसीएम ही वायर तपासावी लागते आणि त्यासाठी तुमच्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम हवा. इथे नवशिक्याने थांबावं आणि चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जावं. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या बाजूला असे कारागीर सापडतात. त्यांना "सेन्सर बघा" असं सांगू नका. "सप्लाय बल्बवर चांगला आहे, हीटर इतके ओहम दाखवतो, कंट्रोल वायर ईसीएमपर्यंत तपासायची आहे" असं सांगा. कामाचा सूर तिथेच बदलतो.

एक ताकीद: बॅटरीचे बारा व्होल्ट कंट्रोल वायरला किंवा सिग्नलच्या वायरींना चुकूनही लावू नका. सेन्सर स्वस्तात सुटेल, ईसीएम नाही.

पायरी ८: सिग्नलच्या वायरी

कपलर काढा, चावी ऑन, मीटर डीसी व्होल्टवर. हार्नेसच्या सिग्नल पिनेपासून सिग्नल-अर्थ पिनेपर्यंत मोजा. बऱ्याच गाड्यांत ०.४५ च्या आसपास येतं, काहींत आकडा वेगळा असतो. म्हणून तोच प्रयोग दुसऱ्या सेन्सरच्या कपलरवर करा. दोन्हीकडे सारखं आलं तर वायरी बहुधा शाबूत. एकीकडे शून्य असेल तर पुढचा प्रयोग: लाल टोक सिग्नलवरच ठेवून काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर न्या. आता आकडा आला तर अर्थची वायर तुटलेली, तरीही शून्य तर सिग्नलची वायर तुटलेली किंवा बॉडीला लागलेली.

जोडताना आणि बदलताना

हार्नेसमधली तुटलेली वायर क्रिम्प जॉइंट आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब वापरून जोडा. सेन्सरच्या स्वतःच्या शेपटीला, म्हणजे त्यातून निघणाऱ्या वायरींना, सोल्डर करू नका, वर सांगितलेली हवेची वाट बंद होते. शेपटी कुरतडली असेल तर सेन्सर बदललेला बरा. दुसऱ्या गाडीचं कपलर कापून जोडण्याचा जुगाड स्वस्त पडतो खरा, पण हीटरचे ओहम जुळले नाहीत तर कोड परत येतो.

सेन्सर काढायला बहुधा २२ मिलिमीटरचा पाना किंवा वायरसाठी फट असलेला खास सॉकेट लागतो. इंजिन कोमट असताना तो सुटतो, एकदम थंड असताना आटे ओरबाडले जातात. नवा सेन्सर हातातून पडला तर तो लावू नका, आतलं सिरॅमिक तडकलेलं बाहेरून दिसत नाही. टोकाला बोट, तेल, सिलिकॉन काही लागू देऊ नका. पार्ट नंबर जुन्याशी ताडून घ्या आणि बिल घ्या. खोक्यावर नामांकित नाव छापलेला नकली माल बाजारात भरपूर आहे.

शेवटची खात्री

कोड पुसा आणि गाडी चालवा. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर रखडण्यापेक्षा पहाटे पाम बीच रोडवर एक शांत फेरी जास्त उपयोगाची, कारण ईसीएमला स्थिर वेगाचा काही वेळ लागतो. नंतर ॲपमध्ये रेडीनेस मॉनिटर (ईसीएमच्या स्वतःच्या तपासण्या झाल्या का, ते दाखवणारा भाग) उघडा. तिथे ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचा हीटर या दोन्हींसमोर 'पूर्ण' दिसलं आणि पेंडिंग कोड रिकामा असला, तर काम झालं. नुसता दिवा विझलाय यावर जाऊ नका. बरेचसे कोड पहिल्या फेरीत फक्त पेंडिंग होतात आणि दुसऱ्या फेरीत दोष परत दिसला तरच दिवा लागतो.

पीयूसीची मुदत जवळ आली असेल तर हे मॉनिटर पूर्ण झाल्यावरच सेंटरवर जा. बीएस-४ आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांची तपासणी २५०० आरपीएमच्या आसपासही होते आणि तिथे लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या आत बसावा लागतो. इंजिन चांगलं गरम करून न्या.